त्रेसष्टचा टाका

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या पट्ट्यात कमी पडलं की मोठं घ्यायचं, ही बागायतदाराची जुनी रीत. पाच एचपीची मोटार पाणी ओढेना, साडेसातची टाका. मंजुरी पाचचीच राहते. अशा दहा मोटारी एका डीपीवर जमल्या की ऐन मे महिन्यात, ऊस माना टाकत असताना, डीपी जळते आणि नवी येईपर्यंत सगळं शिवार एकमेकांकडे संशयाने बघत बसतं. ही रीत आता बांध ओलांडून घरात शिरली आहे.

सणसरला माझ्या मामांकडे एप्रिलमध्ये बोर्ड जळाला. जाळबीळ काही झाला नाही. दोन दिवस घरात मासळी सडल्यासारखा वास येत होता आणि मामी मांजरावर संशय घेत होत्या. तापलेल्या बेकेलाइट-प्लास्टिकला पुष्कळदा असाच वास येतो. झाकण उघडलं तर लोखंडी मेन स्विचचं एक टर्मिनल काळं पडलेलं, वायरीचं आवरण वितळून ठिसूळ झालेलं. खाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. त्यातल्या एकात फ्यूजच्या तारेऐवजी वायरीचे पदर पिळून कोंबलेले. कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. हा बोर्ड बसला तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक टीव्ही होता. आज तिथे दीड टनाचे दोन एसी, गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन आणि बोअरची मोटार आहे. वरच्या मजल्याच्या पीओपीवर किती खर्च झाला ते मामा आकड्यासकट सांगतात. बोर्डाचा खर्च कुणाच्या यादीतच नव्हता.

वायरमन आला. मामांचा निर्णय तयार होता : "त्रेसष्टचा टाक. पुन्हा कटकट नको."

"टाकतो की नाना," तो म्हणाला, "पण मग मीटरपास्नं वायर बदलाया लागंल."

इथेच बहुतेक घरांत बोलणं थांबतं. वायर भिंतीत असते, ती काढायची म्हणजे फोडाफोड. एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, मात्र दोन स्क्रूंत बदलतो. म्हणून ३२ अँपिअरचा जातो, ६३चा येतो, तो पडायचा थांबतो आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. एमसीबी राखण करतो ती वायरीची. वायरीला सोसेनासं होण्याआधी त्याने पडावं, एवढंच त्याचं काम. आणि तो आकड्यावर पडतो असंही नाही. मानकाप्रमाणे एमसीबीने दीडपटीच्या थोड्या अलीकडे, म्हणजे १.४५ पटीला, तासाभराच्या आत पडायचं असतं. ६३चं गणित केलं तर ९१ अँपिअर! ते तासभर वाहिले तरी तो नियमातच आहे. भिंतीतल्या जुन्या ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीला त्याचा निम्मा प्रवाहसुद्धा जड. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. मग जिथे टर्मिनलचा स्क्रू सैल असेल तिथे आधी वास, मग काळा डाग.

मामांच्या अंगणातच हिशेब मांडला. वॅटला २३०ने भागलं की साधारण अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गिझर म्हणजे जवळजवळ ९, इंडक्शन तेवढाच, एकेक एसी साडेसहा, मोटार पाच-सहा, बाकी किरकोळ. सगळं एकदम लावलं तर चाळिशीच्या आसपास. एकदम लागतं का? एरवी नाही. पण लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलं की लागतं. हे ऐकून वायरमनने त्रेसष्टचा विषय सोडला आणि थ्री फेज घ्या म्हणाला.

मग महावितरणकडे भारवाढीचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, नवं मीटर. मीटरपासून नव्या बोर्डापर्यंत, म्हणजे डीबीपर्यंत, १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ची, आणि तिन्ही फेजवर भार वाटून. थ्री फेजचा स्थिर आकारही जास्त. त्यावर मामा दर बिलाला बोलतात, बोलू देत. एक गोष्ट मी वायरमनकडून दोनदा तपासून घेतली : न्यूट्रल. थ्री फेजमध्ये तो सुटला तर एखाद्या फेजवरच्या टीव्ही-फ्रिजला २३०च्या जागी ४००च्या घरात व्होल्टेज मिळू शकतं.

अर्थिंगचा खड्डा शोधायला अर्धा दिवस गेला. त्यावर मामींनी तुळशीवृंदावन बांधलं होतं. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम. उन्हाळ्यात भेगा पडल्या की तीच माती पट्टीपासून सुटते. म्हणून मीठ-कोळसा घालून खड्डा भरतात आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओततात, किंवा ओतायला हवं. नवा खड्डा परसात घेतला.

नवा डीबी लागला त्या संध्याकाळी लाइट चालू केली आणि आरसीसीबी पडला. वर केला, पुन्हा पडला. हा ३० मिलिअँपिअरचा. एवढीशी वीज गळती होऊन जमिनीत जायला लागली तरी तोडतो. शेजारचे एक गृहस्थ लगेच म्हणाले, "तो मधला डबा काढून टाका, डायरेक्ट करा." वायरमनने एकेक एमसीबी बंद करत गळती शोधली. गिझरचं एलिमेंट फुटलेलं होतं.

"म्हणजे नळाला झिणझिण्या यायच्या त्या याच्या होय?" मामी म्हणाल्या. "मी तर चप्पल घालूनच जात होते न्हाणीत. पोरांनापण तसंच सांगितलेलं."

मामा मीटर बघायला बाहेर गेले.