पुढच्या इंजेक्शनाचे पैसे

माझे मोठे मामा एसटीत कंडक्टर होते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना दाराची चौकट मधेच वाकडी दिसू लागली, समोरच्या माणसाचे कान दिसायचे आणि चेहरा पुसल्यासारखा व्हायचा. घरात सगळ्यांनी मोतीबिंदू धरला होता. निघाली वयामुळे होणारी पडद्याची झीज, तीही ओल्या प्रकारची. यात पडद्याच्या मध्यभागाखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात आणि नेमकी वाचायची, माणूस ओळखायची नजर जाते.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. आधी महिन्याला एक अशी साधारण तीन, मग स्कॅन बघून अंतर वाढवत न्यायचं. बहुतेकांना ती वर्षानुवर्षं लागतात. खासगी दवाखान्यात मामांना एका इंजेक्शनाचा दर सांगितला, वर्षाचा खर्च कोणी सांगितला नाही. तिसऱ्यानंतर मामा म्हणाले, ‘‘आता बरं दिसतंय, बास झालं.’’ खरं कारण मामीला ठाऊक होतं. एसटीची पेन्शन ती केवढी, आणि मुलापुढे पुन्हा हात पसरायचा नव्हता.

या आजारात असं मधेच थांबणं सगळ्यात महाग पडतं. पडद्यावर एकदा व्रण धरला की नंतर कितीही पैसा ओता, गेलेली नजर येत नाही.

म्हणूनच स्वस्त औषधाबद्दल डॉक्टरांनी आपणहून बोलायला हवं. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं कर्करोगावरचं औषध, अमेरिकेत २००४ साली मंजूर झालेलं. डोळ्याला त्याचा अगदी थेंबभर डोस पुरतो, त्यामुळे एका कुपीतून अनेकांचे डोस निघतात आणि किंमत उतरते. खास डोळ्यासाठी बनवलेलं रॅनिबिझुमॅब २००६ साली आलं, ते कितीतरी महाग. अमेरिकेत सरकारी खर्चाने दोन्हींची तुलना झाली. २०११ साली निष्कर्ष आला की सारख्या वेळापत्रकाने दिल्यास नजरेला होणारा फायदा सारखाच. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हॅसिझुमॅब डोळ्यासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मात्र कुपीतून डोस काढताना निर्जंतुकता काटेकोर हवी, नाहीतर डोळ्यात जंतुसंसर्ग होतो. ही व्यवस्था कशी आहे, हे विचारायला रुग्णाने बिचकू नये. रॅनिबिझुमॅबचीही भारतीय बनावटीची, तुलनेने स्वस्त आवृत्ती २०१५ पासून मिळते.

मामेभावाच्या पॉलिसीत मामांचं नाव होतं. कंपनीने दावा फेटाळला; कारण काय, तर रात्रभर दाखल नव्हते! दहा मिनिटांच्या इंजेक्शनाला रात्रभर कोण ठेवून घेईल? विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळू नका म्हणून सांगितलं, त्यांत डोळ्यातल्या इंजेक्शनाचं नाव स्पष्ट आहे. रकमेला मर्यादा घालता येते, एवढंच. नकार आला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तिथे दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जावं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

घरात कोणाला हा आजार निघाला तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना वर्षाचा खर्च विचारा आणि स्वस्त औषध चालेल का, तेही विचारा. आणि मुलांनो, पुढच्या इंजेक्शनाचे पैसे तारखेआधी आपणहून काढून ठेवा. आईवडिलांना ते मागायला लावू नका.