औलीचा बर्फ, जोशीमठाचे गटार

औलीमुळे उत्तराखंडातले जोशीमठ जगले, असे पर्यटनाचे कैवारी सांगतात. गाव बदरीनाथाच्या यात्रेच्या वाटेवरचे, पण त्या देवळाची दारे वर्षातले जेमतेम सहा महिने उघडी. हिवाळ्यात सुमारे 2,800 मीटर उंचीवरच्या औलीत स्कीइंगला येणारे पाहुणेच खालच्या गावाच्या चुली पेटत्या ठेवतात. तेव्हा हॉटेले आणि रोपवे यांना नावे ठेवणे म्हणजे पहाडी माणसाच्या पोटावर पाय देणे. यातले पोटाचे खरे आहे. ते डावलून हळहळणारे निसर्गप्रेम मलाही पटत नाही. खोटे आहे ते त्यापुढचे गृहीत, की पाहुणे वाढले म्हणजे गाव आपसूक सावरते.

जोशीमठ (2024 पासून सरकारी कागदांत ज्योतिर्मठ) वसले आहे ते जुन्या दरडीच्या मलब्यावर. गढवालच्या तत्कालीन आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील मिश्रा समितीने हे 1976 मध्येच लिहून ठेवले होते. उतारावरचे धोंडे काढू नका, सुरुंग लावू नका, झाडे लावा, पाणी जमिनीत मुरू न देता पक्क्या नाल्यांनी बाहेर काढा, असे तिचे सांगणे. पुढे काय झाले? 1994 मध्ये सुमारे 4 किलोमीटरचा रोपवे आला. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रे आली, त्यांना पाणी पुरवायला डोंगरावर तळे झाले. गावातल्या बहुतेक घरांचे सांडपाणी मात्र शोषखड्ड्यांत, म्हणजे त्याच भुसभुशीत मलब्यात, जिरत राहिले. जानेवारी 2023 मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले. इस्रोच्या उपग्रहचित्रांनुसार 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या बारा दिवसांत जमीन 5.4 सेंटीमीटर खचली होती. रोपवेही थांबवावा लागला.

यावर उत्तर येते की दोष तपोवन-विष्णुगाड या 520 मेगावॉटच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्याचा आहे. 2009 मध्ये तिथे खोदणाऱ्या यंत्राने भूगर्भातला पाण्याचा साठा फोडला, हे खरेच. त्याचा जाब मागितलाच पाहिजे. पण सगळे खापर बोगद्यावर फोडले तरी शोषखड्डे निर्दोष ठरत नाहीत. मुरलेले पाणी प्रकल्पाचे की हॉटेलाचे, हे उतार विचारत नाही. दुसरा आक्षेप असा की सपाटीवर बसून पहाडाला शहाणपण शिकवणे सोपे असते. तर मग सपाटीकडेच पाहू. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची एकेकाळची उन्हाळी राजधानी शिवपुरी. तिथला सख्यासागर तलाव 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि शहराचे नाले त्यातच येऊन मिळत होते. तिथे ना बर्फ, ना खचता मलबा. म्हणजे दुखणे भूगर्भाचे एकट्याचे नाही. आधी प्रेक्षणीय स्थळ आणि जमले तर मग गटार, हा आपल्याकडचा क्रमच मुळात उलटा आहे.

स्कीइंग बंद करा, असे मी म्हणत नाही. पण ज्या बर्फाच्या भरवशावर हे सारे उभे आहे तोही आता बेभरवशाचा झाला आहे. फेब्रुवारी 2023 मधल्या औलीच्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. म्हणून हॉटेलातल्या खाटांची संख्या गावाच्या सांडपाणी व्यवस्थेच्या क्षमतेला बांधावी आणि रोपवेच्या तिकिटातला ठरलेला वाटा नाल्यांसाठी राखावा. पर्यटन व्यवस्थापन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आमच्या ग्वाल्हेरातच आहे. हा हिशेब तिने मांडून द्यावा. आणि जोशीमठातले शेवटचे घर गटाराला जोडले जाईपर्यंत औलीत एकाही नव्या हॉटेलाला परवानगी मिळू नये.