तुकोबांची अनामत

यंदाच्या आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसात वाजता आमच्या घरातून तुकाराम महाराज शाळेला निघाले. वय वर्षे सहा. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या आणि ओठावर डिंकाने चिकटवलेली मिशी. जिना उतरेपर्यंत मिशीखाली खाज सुटली आणि महाराजांनी भोकाड पसरले. सुनेने एका हाताने त्यांचे नाक पुसले, दुसऱ्या हाताने मिशी दाबून धरली आणि तशीच रिक्षात बसली. तिला स्वतःला नऊला ऑफिस गाठायचे होते.

शाळेचा निरोप दोन दिवस आधी, रात्री साडेनऊला मोबाइलवर आला होता. ‘संतमेळा. वेशभूषा अनिवार्य.’ सोबत कोणी कोण व्हायचे याची यादी. दुसऱ्या दिवशी नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानासमोर मी तासभर रांगेत उभा होतो. पुढे दोन ज्ञानेश्वर, मागे एक मुक्ताबाई. भाडे तीनशे, अनामत हजार. पावतीवर लिहिले होते, ‘तुकाराम, लहान, नग १’. मी बँकेत बत्तीस वर्षे काढली. पावती नीट वाचल्याशिवाय खिशात घालत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. कर्जवसुली विभागात असताना त्या कथेने मला पुष्कळदा ओशाळे केले होते. त्याच तुकोबांच्या नावाने हजार रुपयांची अनामत भरण्याचा योग माझ्या नशिबी होता.

जुन्या सवयीने मी त्या रात्री डायरी काढून हिशेब मांडला. नातू बालवाडीत असताना गाजर झाला होता, फुलपाखरू झाला होता. लाल दिवस, पिवळा दिवस, हिरवा दिवस झाले. मागच्या वर्षी गोकुळाष्टमीला कृष्ण, १५ ऑगस्टला भगतसिंग, २ ऑक्टोबरला गांधीजी, नाताळात सांताक्लॉज, ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त जोतीराव, १९ फेब्रुवारीला मावळा. रंगांचे दिवस धरून वर्षाचे एकूण अकरा प्रसंग आणि खर्च चार हजारांच्या वर. यात रात्री दहाला पिवळा सदरा शोधत फिरलेल्या माणसांचे पेट्रोल धरलेले नाही आणि आईची झोपही धरलेली नाही. कारण हे काम बहुतेक घरांत आईच्याच वाट्याला येते. बाप फार तर फोटो काढतो.

पालक चरफडतात, पण बोलत नाहीत. सुनेला मी विचारले, “तुम्ही सगळ्या मिळून शाळेला सांगत का नाही?” ती म्हणाली, “बाबा, मूल दिवसभर त्यांच्या ताब्यात असतं. उगाच डोळ्यावर कशाला यायचं?”

इथवरचा मजकूर मी एखाद्या हलक्याफुलक्या लेखासाठी टिपून ठेवला होता. मिशीवर शेवट करणार होतो. पण दुपारी नातू घरी आला आणि पगडी काढता काढता म्हणाला, “आमची जनाबाई आलीच नाही.”

ही जनाबाई म्हणजे आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची मुलगी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या, त्यांतल्या एका जागेवर सोडतीत नंबर लागून ती नातवाच्या वर्गात आली. नंबर लागला त्या दिवशी बाईंनी आम्हाला पेढे दिले होते.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा मी मुलीची चौकशी केली. “पोटात दुखत होतं,” एवढेच म्हणाल्या. परात पुढे ओढून कणीक मळू लागल्या आणि थोड्या वेळाने आपणहून बोलल्या. त्यांनी आईचे जुने सुती लुगडे कापून मुलीच्या मापाची नऊवारी शिवली होती. शेजारणीकडून खेळातले जाते आणले होते. मुलगी खूश होती. पण रात्री पुन्हा निरोप आला, ‘जुने, घरगुती कपडे टाळावेत. फोटो काढले जाणार आहेत.’ खाली नमुन्यादाखल गेल्या वर्षीच्या जनाबाईचे चित्र. जरीकाठी नऊवारी, नथ, कमरपट्टा. “तेवढं सगळं भाड्यानं आणायचं, वर हजार रुपये अनामत. महिना अखेर. मग म्हटलं, राहू दे घरीच.”

जनाबाई म्हणजे आयुष्यभर नामदेवांच्या घरी दळण-कांडण केलेली, स्वतःला त्यांची दासी म्हणवणारी संत कवयित्री. तिच्या अंगावर जरीकाठ आणि कमरपट्टा आला कुठून? त्या सबंध वर्गात जनाबाई खऱ्या अर्थाने कोणाला शोभली असती, तर या मुलीला. तिची आई चार घरी राबते आणि आजीचे लुगडे तिच्या अंगावर होते. नेमकी तीच घरी राहिली. आमच्या तुकोबांना मात्र दुसऱ्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्रक मिळाले.

मी अनामतीचे पैसे देऊ केले. बाई म्हणाल्या, “काका, आज तुम्ही द्याल. पुढच्या महिन्यात परत काहीतरी असेलच की.” माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझी तक्रार गैरसोयीची होती. त्यांची तक्रार वेगळी होती आणि ती मला इतक्या दिवसांत सुचलीही नव्हती.

त्या रात्री मी कायदा काढून वाचला. प्राथमिक शिक्षण घेण्यात आणि पूर्ण करण्यात अडथळा ठरेल असे कोणतेही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही, अशा अर्थाचे कलम त्यात आहे. एका दिवसाची गैरहजेरी म्हणजे शिक्षणात अडथळा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण सहा वर्षांच्या मुलीला त्या दिवशी एक गोष्ट शिकवली गेली आणि ती शिकवणी तिच्या लक्षात राहणार आहे. गणवेश असतो तो याचसाठी, की कोणाचा बाप काय करतो हे सदऱ्यावरून कळू नये. वर्षातून अकरा वेळा आपण तो सदरा उतरवायला लावतो. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती ज्यांना शाळेचे दार बंद होते त्यांच्यासाठी. त्या सावित्रीबाई व्हायलाही आज अनामत लागते.

शाळांची बाजू मला कळत नाही असे नाही. शेजारची शाळा दिंडी काढते, तिचे फोटो गावभर फिरतात, प्रवेशाच्या वेळी पालक तेच पाहून येतात. त्या शिक्षिकाही चाळीस मुलांच्या पगड्या सावरून थकलेल्या असतात. मुलांना नटायला आवडते, हेही खरे. आमचा नातू माझा चष्मा लावून आणि आजीची शाल पांघरून तासन् तास ‘मॅनेजर साहेब’ होतो. त्या खेळाला कोणी क्रमांक देत नाही, म्हणून तो रंगतो.

आमच्या लहानपणी वेशभूषा वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनात. शाळेची एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात पुठ्ठ्याला बेगड लावलेला जिरेटोप, दोन अंगरखे, एक दाढी आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मामलेदाराचा मुलगा आणि हमालाचा मुलगा तोच जिरेटोप आलटून पालटून घालत. तो दोघांनाही मोठा होई आणि दोघांच्याही डोळ्यांवर सारखाच घसरे.

म्हणून शाळांकडे मागणे थोडेच आहे. वेशभूषेचे दिवस वर्षाला दोन ठेवा आणि ते जूनमध्येच सांगा. भाड्याचे कपडे नकोत, असे स्पष्ट लिहा. जे काही करायचे ते वर्गात, कागद आणि जुनी वस्त्रे घेऊन मुलांच्या हातून करवून घ्या. क्रमांक देऊ नका. आणि शाळेत एक ट्रंक ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी पोशाख परत करायला गेलो. मिशी हरवल्याबद्दल पन्नास रुपये कापून दुकानदाराने साडेनऊशे हातावर ठेवले. त्या पैशांतून मी एक पत्र्याची ट्रंक विकत घेतली आहे. पत्नीने तिच्या दोन सुती नऊवारी आणि माझे एक धोतर तिच्यात घातले आहे. बाईंना विचारून ते लहान लुगडेही मागून घ्यावे असे मनात होते, पण मुलगी ते द्यायला तयार नाही. घरी ती ते नेसून जाते फिरवत बसते म्हणे. मुख्याध्यापिकांना मी पत्र लिहिले आहे आणि ट्रंक केव्हा आणून देऊ, असे विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही.