उताऱ्याला उतारा

सहावी-सातवीच्या वर्गात एखादी पूर्ण कादंबरी वाचून घ्यावी म्हटले की उत्तर तयार असते: पाठ्यपुस्तकच पुरे होत नाही, त्यात हे कुठे? शब्द वाढवायचे तर शब्दार्थांची यादी द्या, आकलनासाठी उतारा द्या. उताऱ्याने आकलन तपासता येईल, शिकवता येत नाही. शिष्यवृत्तीच्या सरावात तरबेज झालेले पोर काय करते ते शेजारी बसून पाहावे. आधी प्रश्न वाचते, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकते, आजूबाजूचे चार शब्द उचलून उत्तरात ठेवते. गुण पूर्ण! उतारा कशाबद्दल होता विचारले तर गप्प.

साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्या. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले, १९३५ मध्ये छापलेले. (कादंबरी की आठवणी, हा वाद समीक्षकांनी घालत बसावा.) आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहते आणि वडील तीच अळणी भाजी मुकाट्याने, वर नावाजत, खातात. आई अजून जेवायची आहे. इथे शिक्षकाने पुस्तक मिटावे आणि विचारावे, वडिलांनी मीठ का मागितले नाही? आईला कळल्यावर काय होईल? इथे शब्द उचलून भागत नाही. त्या घरातली माणसे ठाऊक असावी लागतात, आणि मागच्या पानांनी ती ओळख करून दिलेली असते. गुरुजी पुढे तात्पर्य सांगतातच. ते यायच्या आत मुलांना बोलू द्यावे.

शब्दांचेही तेच. 'अब्रूचे धिंडवडे' हे एका प्रकरणाचे नाव. यादीत त्याचा अर्थ उरतो 'फजिती'. कर्जात रुतत चाललेले घर पाहत मूल त्या प्रकरणापर्यंत पोचले, की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

यावर चलाख आक्षेप असा, की कोकणातल्या ब्राह्मण घराची जुनी गोष्ट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावच्या पोरांना काय कळणार? व्रते, सोवळे, नारळी-पोफळी दूरची आहेत, कबूल. ती समजावावी लागतील, त्यातल्या जातीपातीबद्दलही आडपडदा न ठेवता बोलावे लागेल. पण ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल अंगावर असल्याने ज्यांच्या आईबापांच्या हातचा कोयता सुटत नाही, त्यांना कर्जाचा अर्थ शिकवणारे आपण कोण? अहिल्यानगर शहरातल्या पोराला तो समजावताना शिक्षकाची अधिक दमछाक होईल.

आमच्याच बाजूचे काही उत्साही शिक्षक प्रत्येक प्रकरणाखाली दहा प्रश्नांचा स्वाध्याय जोडतात. कादंबरीचे पुन्हा उतारे करण्याचा हा हमखास मार्ग आहे. दोन प्रश्न पुरेत, तेही तोंडी.

राहता राहिला वेळ. पुस्तकात ४२ रात्री, म्हणजे प्रकरणे, आहेत; तासिकेला एक धरू. आठवड्याला मराठीच्या तीन तासिका दिल्या तर १४ आठवडे लागतात, म्हणजे जूनमध्ये सुरू केलेले दिवाळीच्या आत संपते. पाठ्यपुस्तकातले दोन-तीन धडे मागे पडले तर नंतर उरकता येतील. दिवाळीनंतर आईबापांसोबत उसाच्या फडावर गेलेले पोर मात्र हंगाम संपून पट्टा पडल्याशिवाय वर्गात परतत नाही.