विद्यार्थ्याच्या अपयशाचे निदान संचयावस्थेतच व्हावे

बी.ए.एम.एस.च्या प्रथम व्यावसायिक परीक्षेचा निकाल लागला की अनुत्तीर्णांची कारणे शोधण्यास आरंभ होतो. २०२२ च्या विनियमांनुसार हा टप्पा १८ महिन्यांचा आहे. म्हणजे दीड वर्षानंतरचे हे निदान सुश्रुतोक्त षट्क्रियाकालांपैकी व्यक्ती वा भेद अवस्थेतील ठरते. संचयावस्थेत दोष जिंकला तर पुढील अवस्था टळतात, हे आपण रुग्णांना नित्य सांगतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र विसरतो.

माण, आटपाडी, खटाव या अवर्षणप्रवण भागांतील अनेक मुले मराठी माध्यमातून येतात. 'नीट'मधील गुण पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांचे असतात. प्रवेशानंतर मात्र पदार्थविज्ञान या ओळखीच्या नावाखाली वैशेषिकांचे षट्पदार्थ समोर येतात, संहितेचे संस्कृत वाचावे लागते आणि शारीराची पुस्तके इंग्रजीत असतात. बुद्धी असूनही विद्यार्थी मागे पडतो तो येथे.

लक्षणे पहिल्या दोन महिन्यांतच दिसतात: सूत्र मोठ्याने वाचण्याची टाळाटाळ, अपुरी प्रात्यक्षिक वही, तोंडी परीक्षेच्या दिवशी गैरहजेरी, एकही शंका न विचारणे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २००५ साली पापादाकिस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, पुढे शिस्तभंगाची कारवाई झालेल्या डॉक्टरांचा संबंध विद्यार्थिदशेतील बेजबाबदार वर्तनाशी अधिक दृढ आढळला. कमी गुणांशी तो तुलनेने क्षीण होता. गुणपत्रिकेइतकेच वर्तनही पाहावे, हा त्याचा बोध.

तथापि लक्षण एक असले तरी हेतू भिन्न असतात. कोणास भाषेची अडचण, कोणास घरची आर्थिक ओढाताण, कोणाच्या मनात एम.बी.बी.एस. हुकल्याचे शल्य. हेतू न पाहता सर्वांना एकच जादा तास लावणे ही चिकित्सा नव्हे. तसेच 'कच्चा विद्यार्थी' असा शिक्का बसला, तर मदत घेण्यासही तो लाजेल. म्हणून ही परीक्षा गुप्त व साहाय्यापुरती असावी. चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्याची परीक्षा सांगितली आणि अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे उपायही सांगितले. परीक्षेमागून अध्यापन यावे, हा त्यातील क्रम आहे.

हे काम महाविद्यालयांचे आहे, असे काही वैद्यबंधू म्हणतील. ते मुख्यतः त्यांचेच आहे. परंतु सुटीत विद्यार्थी म्हसवड, दहिवडी वा आटपाडीस घरी येतो, तेव्हा त्याच्या जवळ आपणच असतो. प्रत्येक वैद्याने एका विद्यार्थ्यास आठवड्यातून एक तास संहितावाचनास बसवावे. औषधालयाच्या मालकांनी त्याला गुळवेल, शतावरी, हिरडा हाताळून ओळखू द्यावेत. पाठ न होणारे द्रव्य हाती घेतल्यावर ध्यानात राहते. अडचण घरची असल्यास पालकांशी बोलण्याचा अधिकारही गावच्या वैद्यासच अधिक.

आपल्या संघटनेने येत्या प्रवेशवर्षापासून तालुकावार अशा वैद्यांची व औषधालयांची यादी करून महाविद्यालयांकडे पाठवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.