आईची आंघोळ आणि माझा रिले

आई पहिल्यांदा न्यूझीलंडला आली तेव्हा तिला घर दाखवताना मी म्हटलं, "आणि या कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर." ती दोन पावलं मागे सरकली. तिच्या लेखी सिलिंडर म्हणजे गॅसचा. तो कपाटात कोंडलेला आणि वर त्याच्या डोक्यावर टॉवेल वाळत घातलेले! मग तिला समजावून सांगितलं. इथल्या बऱ्याच घरांत असतं तसं हे १८० लिटरचं पिंप. आत ३ किलोवॅटचा हीटर, बाहेर जाड इन्सुलेशन. नळ सोडला की वरून गरम पाणी जातं आणि तेवढंच गार पाणी खालून आत येतं.

आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आपला बंबच की. फक्त लाकडं नाहीत."

इतक्या वर्षांत सिलिंडरचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. आमच्या वाईच्या घरी तांब्याचा बंब होता आणि त्याचा एकच कायदा होता: काढलं तेवढं पाणी वरून ओतायचं. बंब कोरडा पडला की जळलाच. आजी तो कायदा मोडणाऱ्याला सणासुदीलाही माफ करत नसे.

तर हा बंब मी 'स्मार्ट' करायला घेतला, त्याची ही गोष्ट. गोष्ट म्हणण्यापेक्षा कबुलीजबाब म्हणा.

आमच्या विजेच्या प्लॅनमध्ये रात्री नऊनंतर युनिट साधारण दहा सेंटांनी स्वस्त होतं. गार पाण्याने भरलेला अख्खा सिलिंडर १५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे साडेनऊ युनिटं लागतात आणि तीन तासांहून थोडा जास्त वेळ. रोज एवढं पाणी आम्ही संपवत नाही, पण आठेक युनिटं जातातच. ती दिवसाऐवजी रात्री खर्च केली तर रोजचे ऐंशी सेंट वाचतात. वर्षाचे तीनशे डॉलरच्या जवळपास. वाईट नाही!

खरं तर या देशात ही कल्पना अजिबात नवी नाही. १९५० च्या दशकापासून इथल्या वीज वितरण कंपन्या 'रिपल कंट्रोल' वापरत आल्यात. विजेच्या नेहमीच्या ५० हर्ट्झच्या तारांवरूनच त्याहून जास्त वारंवारितेचा एक इशारा धाडायचा. तो ऐकून मीटरच्या फळीवरचा रिले सिलिंडर बंद करतो आणि सगळे एकदम चहा-स्वयंपाकाला लागले तरी गावाची वीज कोलमडत नाही. पिंपात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे घरातल्यांना पत्ताही लागत नाही. मला ही व्यवस्था फार आवडते. कोणाच्या आंघोळीला धक्का न लावता केलेली बचत!

मी मात्र धक्का लावला.

ऑनलाइन मागवलेला छोटासा वायफाय रिले मी स्वतःच सिलिंडरच्या कपाटात बसवला. १६ अँपिअरचा. सिलिंडर ओढतो १३. गणित बरोबर होतं. इन्सुलेशनखाली एक तापमानाचा सेन्सर सरकवला. फोनवर आलेख दिसू लागला आणि आलेख दिसू लागला की माणसाला हाव सुटते. मी विचार केला, आंघोळीला ४०-४२ अंश पुरतात, मग ६० कशाला? ४८ झाले की रिले बंद, असा नियम लिहिला. सिलिंडरचा मूळ थर्मोस्टॅट बिचारा ६० वर लावलेलाच होता, पण त्याची पाळी येण्याआधीच मी वीज तोडत होतो. जेवताना आईला आलेख दाखवून मी बचतीवर छोटंसं भाषणही दिलं. ती कौतुकाने ऐकत होती.

मग जून उजाडला. हॅमिल्टनचा जून म्हणजे ऐन हिवाळा, सकाळी गवतावर पांढरा थर. एका रात्री राउटर रुसला. नऊ वाजता 'चालू हो' हा हुकूम इंटरनेटवरून यायचा होता, तो आलाच नाही. सकाळी सातला मी शॉवरखाली उभा राहिलो आणि ओरडलोच. बाहेर येऊन बघतो तर आई शाल गुंडाळून हीटरजवळ बसलेली. ती साडेपाचलाच उठते.

"आई, तू आंघोळ कशी केलीस?"

"गारच केली. मला वाटलं, वीज स्वस्त होईपर्यंत तूच थांबवलं असशील."

मंडळी, आईचं वय ७६. तिने तक्रार केली असती तर मला इतकं लागलं नसतं. तिने माझ्या व्यवस्थेवर विश्वास ठेवला. बंद पडलेलं यंत्र आणि मुलाचा हिशेब यांत तिला फरक दिसला नाही, कारण फरक दिसेल असं त्या कपाटात काही नव्हतंच. बटण नाही, दिवा नाही. सगळं माझ्या फोनमध्ये, आणि फोन माझ्या उशाशी.

त्या सकाळी रिले उघडून पाहिला तर वायर अडकवायच्या जागेचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. मुकाट्याने इलेक्ट्रिशियनला बोलावलं. साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने रिले हातात घेऊन उलटसुलट केला आणि मला दोन गोष्टी ऐकवल्या.

पहिली रिलेबद्दल. कागदावरचे १६ अँपिअर मोकळ्या हवेतले म्हण. इथे आधीच उबदार असलेल्या कपाटात, बंद डबीत, रोज तीन तास १३ अँपिअर वाहतायत. एखादा स्क्रू जरा सैल असला तरी तिथे ऊब धरते. शिवाय प्रत्येक वेळी वीज जोडता-तोडताना आत ठिणगी पडते आणि कधीतरी इवल्याशा पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात. मग तू 'बंद' म्हण नाहीतर ओरड, वीज चालूच राहते. हे ओझं त्याच्यावर टाकूच नये. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, तिला जेमतेम काही वॅट लागतात. तेरा अँपिअर वाहायचं काम जाड पट्ट्यांच्या कॉन्टॅक्टरचं, कारण तो त्यासाठीच बनवलेला असतो. एकाने ठरवायचं, दुसऱ्याने ओझं उचलायचं.

दुसरी गोष्ट त्याने आलेख बघून विचारली. "हे ४८ का?" मी अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, "आईचं वय किती?"

लिजिओनेला हे नाव मी ऐकलं होतं, पण आपल्या कपाटाशी त्याचा संबंध जोडला नव्हता. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनात फुप्फुसाच्या आजाराची साथ आली, तिच्यावरून या जंतूला नाव पडलं. तिथे तो एसीच्या पाण्यातून पसरला, पण साठवलेलं कोमट पाणीही त्याला मानवतं. साधारण २० ते ४५ अंशांत तो वाढतो, पन्नाशीच्या आसपास तग धरतो आणि ६० ला काही मिनिटांत मरतो. पाण्याच्या तुषारांतून श्वासात जातो आणि वयस्कर माणसांना जास्त धोक्याचा. म्हणूनच इथल्या इमारतींच्या नियमांत साठवणीचं पाणी किमान ६० अंशांवर ठेवायला सांगितलंय. नळाला येताना भाजू नये म्हणून त्यात गार पाणी मिसळणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो. आणि माझा सेन्सर ४८ दाखवत होता तो मध्यावर. तळाला पाणी त्याहून गार असणार.

रात्री मी हिशेब मांडला. ४८ वर ठेवून माझी बचत किती होत होती? आंघोळीला लागणारी उष्णता तेवढीच लागते. पाणी कमी गरम असलं की ते जास्त घ्यावं लागतं, एवढंच. बचत फक्त पिंपाच्या अंगातून उडून जाणाऱ्या उष्णतेत. आमच्या सिलिंडरची ती रोज दोनेक युनिटं धरली, तर वाचतं अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. रात्रीच्या भावाने बारा सेंट.

बारा सेंटांसाठी मी आईला कोमट पाण्याच्या त्या पिंपावर सोडलं होतं.

आता कपाटात कॉन्टॅक्टर आहे, इलेक्ट्रिशियनने रीतसर बसवलेला. त्यावर तीन जागांची कळ आहे: ऑटो, चालू, बंद. वेळापत्रक रिलेच्या स्वतःच्या पोटात आहे, राउटर मेला तरी नऊ वाजतात. आणि माझा ४८ चा नियम मी पुसून टाकलाय. पाणी किती तापवायचं ते थर्मोस्टॅट ठरवतो, त्याच्या मागे जास्त तापल्यास वीज तोडणारा कटआउट, त्याच्याही मागे दाब सोडणारा व्हॉल्व्ह.

माझं मत आता एवढंच आहे: स्मार्ट रिलेने 'केव्हा' हे ठरवावं. 'किती' आणि 'सुरक्षित की नाही' यांत त्याने नाक खुपसू नये. आणि काही बिघडलं तर त्या घरात सगळ्यात लवकर उठणाऱ्या माणसाला ते हाताने, कोणाला न उठवता, दुरुस्त करता आलं पाहिजे. ज्याच्या हातात फोन आहे तोच घराचा मालक, अशी व्यवस्था कितीही पैसे वाचवो, ती घरची व्यवस्था नव्हे. आजीच्या बंबाचा कायदा कडक होता, पण तो घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

आईला कळ दाखवली. चष्मा लावून तिने तिन्ही जागा नीट बघितल्या, एकदा 'चालू' करून पाहिलं. आतून 'खट्' असा आवाज आला तशी खूश झाली. मग स्वयंपाकघरातून एक कागद आणून कळीखाली चिकटवला. त्यावर तिच्या गोल अक्षरात लिहिलंय: "पाणी गार असल्यास ही वर करणे. कोणाला विचारू नये."