गाणं तिचं, हिशेब कुणाकडे?

मैत्रिणींनो, २०२० च्या टाळेबंदीत 'जेरुसलेमा' हे आफ्रिकन गाणं तुमच्याही मोबाइलवर आलं असेल. अंगोलातल्या काही मुलामुलींनी जेवणाची ताटं हातात धरूनच त्यावर ठेका धरला, आणि मग नर्सेस, नन्स, पोलीस, जो तो नाचायला लागला. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी तर २४ सप्टेंबरला, त्यांच्या वारसा दिनी, हा नाच करा असं जनतेला आवाहनच केलं.

शब्द मात्र नाचाचे नाहीत बरं का. झुलू भाषेत देवाला घातलेलं ते साकडं आहे. गायलंय नोम्सेबो झिकोडे हिनं. (नावातला तो 'स' खरं तर आपण 'च्च' करून चुकचुकतो तसा उच्चारतात.) कित्येक वर्षं ती दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये गात होती. तिकडच्या हाउस संगीतात ठेका कॉम्प्युटरवर तयार होतो आणि तो करणाऱ्याचं नाव आधी लागतं. तसं हे गाणंही लिम्पोपो प्रांतातल्या मास्टर केजीच्या नावानं गाजलं. हिचं नाव त्याच्या मागून.

जुलै २०२१ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं, कंपनीकडून मला या गाण्याचा एक पैसाही मिळालेला नाही. मास्टर केजीचं म्हणणं, निम्मा-निम्मा वाटा ठरला होता, तिचा तिला मिळेल. नंतर तिनंच जास्त मागितलं.

वाटा किती, ते वकील बघतील. पण निम्मा तर कबूल होता ना? मग निदान तेवढा तरी आधी हातावर ठेवायला काय हरकत होती? गाणं येऊन दीड वर्ष उलटून गेलेलं, जग नाचून दमलेलं! 'नाव झालं ना तुझं, मग पैशाचं काय घेऊन बसलीस?' हे शिवणकाम करणारीनं, शिकवण्या घेणारीनंही ऐकलेलं असतं. मला विचाराल तर तिनं चारचौघांत हिशेब मागितला ते बरंच केलं. गप्प बसली असती तर आपल्यापर्यंत फक्त ताटं घेऊन नाचणारी पोरं पोचली असती.

पुढे २०२३ मध्ये 'बायेथे' या गाण्याला ग्रॅमी मिळालं. वूटर केलरमन आणि झेक्स बांटविनी यांच्या बरोबरीनं तिथे तिसरं नाव होतं, नोम्सेबो झिकोडे.